सारसाच्या गावी

लालबागच्या आमच्या धान्याच्या दुकानात गोंदियाचा तांदूळ तीन पिढ्यांपासून येतो. ज्या भागातील शेतांतून तो येतो, तेथेच सारस घरटे बांधतो, हे मात्र पन्नाशीनंतर कॅमेऱ्याचा छंद जडला तेव्हा मला कळले.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वांत उंच. मान ताठ केली की जवळजवळ सहा फूट. अंग राखाडी, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक. उथळ पाणथळी आटल्या, शेतांत कीटकनाशके आली, विजेच्या तारा आल्या आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यापुरता उरला. अलीकडच्या गणनांत तेथे तीसच्या आसपास सारस आढळले. श्वेतांबर परंपरेत पाचवे तीर्थंकर श्री सुमतिनाथ भगवान यांचे लांछन क्रौंच पक्षी आहे आणि क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे माझी ओढ अधिकच वाढली.

श्रावणात विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया गाठले. मनात एकच चित्र होते: घरट्यावरील मादी आणि दोन अंडी. धानाच्या बांधीत पाण्यामधोमध घरटे दिसले. मी धुऱ्यावरून पुढे सरकलो, तोच शेताच्या मालकाने अडवले.

“भाऊ, इथून पुढं नका जाऊ जी. ती उठली तर अंडी कावळे नेतील.”

घरट्यासाठी या जोडीने आजूबाजूचे धान उपटले होते. “काका, तुमचे नुकसान होते ना?” मी विचारले. “दोन पायल्या धान जाते. ते त्यांचेच समजतो,” ते म्हणाले. ही नोंद त्यांच्या कोणत्याच हिशेबात नव्हती.

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. परतीच्या प्रवासात लाज वाटत राहिली. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. आणि मी श्रावक असून त्याच दिवसांत एका जीवाच्या घरट्यापर्यंत चालून गेलो होतो. मारवाडात खिचनला आपली व्यापारी कुटुंबे थंडीत येणाऱ्या कुरजांना दाणे घालतात, ते अन्नदान. सारसाला आपल्याकडून हवे आहे ते अभयदान.

जानेवारीत पुन्हा गेलो. परसवाड्याच्या तलावाकाठी धुके विरत होते. दूरवरून तुतारीसारखी हाक आली. नराने साद घातली, मादीने त्यावर लगेच प्रतिसाद दिला. दोघांच्या मध्ये तांबूस डोक्याचे एक पिल्लू होते. ते श्रावणातल्याच घरट्यातले का, हे सांगता येणार नाही. पाळीवरून एक पाऊलही पुढे न टाकता मी छायाचित्र घेतले. त्यात सारस बोटभर दिसतात.

ते छायाचित्र आता दुकानात तराजूमागे लावले आहे. “शेठ, पक्षी एवढे लहान का?” असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा मी त्या शेतकरीकाकांची गोष्ट सांगतो. आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर हिवाळ्यात जावे, स्थानिक जाणकाराला सोबत घ्यावे आणि घरटे दाखवण्याचा आग्रह कोणालाही करू नये.