पोटरीची वेदना आणि बाटलीतले औषध

'रक्ताभिसरण सुधारते' हे दोन शब्द बाटलीवर छापलेले दिसले की मधुमेही माणसाच्या मनात आशा उभी राहते. माझ्या थोरल्या काकांच्या मनात ती राहिली. थोडे चालले की त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत; क्षणभर थांबले की वेदना शमे. एका आप्ताने त्यांना एल-आर्जिनिनच्या कॅप्सूल आणून दिल्या.

त्यामागचा तर्क निराधार नाही. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते व त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधाला 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु नमुना आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक आपणा व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 133 रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. काहींना सहा महिने रोज 3 ग्रॅम आर्जिनिन दिले, इतरांना औषधविरहित पर्याय. 2007 साली निष्कर्ष आला : चालण्याची क्षमता औषध न मिळालेल्यांचीच अधिक वाढली! जिन्कोच्या गोळ्यांचाही लक्षणीय लाभ आढळलेला नाही. शिवाय पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचे असते. आपल्या घरांत तो प्रश्न आधीच विचारावा लागतो.

एका पूरकाची गोष्ट मात्र निराळी. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि त्यात शाकाहार, यामुळे बी-12 जीवनसत्त्व घटू शकते व तळपायांना मुंग्या येतात. काकांच्या रक्तात ते कमीच निघाले. गोळ्यांनी मुंग्या ओसरल्या. चालतानाची वेदना तशीच राहिली. साहजिकच होते ते, कारण मुंग्या मज्जातंतूंच्या होत्या आणि वेदना रक्तवाहिन्यांची.

ती उकलली डॉक्टरांनी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून. घोट्याचा आकडा दंडाच्या 0.9 पट किंवा त्याहून कमी आला, तर वाहिनी अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेहात वाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवा वाढतो, म्हणून काकांच्या अंगठ्याचाही दाब पाहिला. मग कोलेस्टेरॉलची व रक्त पातळ ठेवणारी गोळी, तंबाखू कायमची बंद, आणि चालणे : वेदना येईपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, आठवड्यातून किमान तीनदा, अर्धा-पाऊण तास. पायावर जखम असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच. तीन महिन्यांनी काका पूर्वीच्या दुप्पट अंतर न थांबता जाऊ लागले. बाटली अर्धी भरलेली तशीच फडताळात आहे.

मंदिरात आपण अनवाणी जातो. संवेदना हरपलेल्या तळव्याला तापलेली फरशी वा खडा कळत नाही. म्हणून काकू रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या पाहतात. झोपेतही पाय ठणकला, बोट काळे पडले किंवा साधी जखम चिघळली, तर त्याच दिवशी शल्यविशारदाकडे न्यायचे, हे घरातल्या नातवंडांनाही सांगून ठेवले आहे.