गंगापूरची माळवदे

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या वाटेला लागले की वाळूजच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे बराच वेळ सोबत करतात. ही वसाहत गंगापूर तालुक्यातलीच. पण खुद्द गंगापूर आणखी पुढे, हमरस्ता सोडून आत आहे. नावातली गंगा म्हणजे गोदावरी. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून ती वाहते आणि इकडची माणसे तिला गंगाच म्हणतात. प्रवासी मंडळी वेरूळला जातात, पैठणला जातात. गंगापूरला मुद्दाम कोणी उतरत नाही. पण ज्याला घर बांधायचे आहे त्याने या भागात एक दिवस काढावा आणि मान वर करून हिंडावे. माळवद, पत्रा आणि स्लॅब असे तीन पिढ्यांचे तीन संसार येथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांचा थर, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, ही आपल्याकडची जुनी विभागणी. छताला पांढरीच का? काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पांढरी चोपून बसते आणि पाणी पन्हळीकडे लोटते. कोकणात हे छत एक आषाढही टिकणार नाही. तेथे उतरते कौलच हवे. येथे मात्र पाऊस बेताचा आणि ऊन मनस्वी. वैशाखात बाहेर वणवा पेटलेला असताना माळवदाखाली दुपारची झोप लागते, ती या मातीच्या जाडीमुळे. वर कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात आणि रात्री अंथरुणेही पडतात.

मग ही छते मोडतात का? अशा घरातला वाद ऐकण्यासारखा असतो. आजी म्हणते, “बाळा, या सावलीत तुझा बाप वाढला.” नातू म्हणतो, “आजी, झड लागली की पातेली मांडत कोण हिंडणार? आणि दर वर्षी माती टाकायला माणूस कुठून आणू?” दोघांचेही खरे असते!

पण या वादात एक तिसरा मुद्दा आहे आणि तो गळतीहून फार मोठा आहे. छत गळले की नवी माती टाकायची, जुनी मात्र खरवडायची नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की थरावर थर चढतो. फूटभर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस फुटाला सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत आपल्या डोक्यावर ४५ क्विंटल! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. मात्र काही घरांत खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता. तेथे भिंती पडूनही छत तरले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हापासून मातीचे छत म्हणजे काळ, असे अनेकांच्या मनाने घेतले. पण घाईने केलेला बदलही महागात पडतो. नुसता पत्रा हलका खरा. दुपारी मात्र त्याखाली भट्टी पेटते आणि नीट आवळला नसेल तर वळवाच्या वाऱ्यात तो उडतो. पत्रा घालायचा तर उंच घालावा, वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली छताचा दुसरा पडदा घ्यावा. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडू-कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. स्लॅब टिकाऊ, पण दिवसभर प्यालेले ऊन तो रात्री खोलीत ओततो. त्यावर चुन्याचा पांढरा हात किंवा चिनी मातीचे तुकडे बसवले की बराच फरक पडतो. आणि जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर नुसता स्लॅब टाकणे म्हणजे एक ओझे उतरवून दुसरे चढवणे! त्याला खालून काँक्रीटचे खांब आणि भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा हवाच.

ज्यांचे माळवद अजून धड आहे त्यांनी ते मोडलेच पाहिजे असे नाही. खांब-तुळयांना वाळवी लागली आहे का हे सुताराकडून पाहून घ्यावे, जुने थर उतरवावेत, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर थोडीच माती चोपावी. सावली राहते आणि ओझे उतरते. सांगाडाच किडला असेल तर मात्र आजीची समजूत काढावी. छत कितीही थंड असले तरी खालच्या माणसांपेक्षा मोलाचे नाही.

तेव्हा मंडळी, छत कशाचे घालावे, हा प्रश्न दुकानात विचारण्याआधी भिंतींना विचारावा आणि आभाळाला विचारावा. त्याला दिवाळीची सुट्टी फार सोयीची. पाऊस नुकताच सरलेला असतो, ओलीचे डाग अजून ताजे असतात आणि बांधकामाचे कोरडे दिवस पुढे असतात. पणत्या मांडायला गच्चीवर किंवा माळवदावर चढालच. उजेडीच एकदा चढा आणि पायाखाली काय आहे ते नीट पाहून घ्या.