वुडवर्ड मार्गावरील शेंदरी रथ

परदेशाहून परतलेला मनुष्य बहुधा उंच इमारती, मोठाले पूल आणि नायगऱ्याचा धबधबा यांचीं वर्णनें सांगतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु एखाद्या गांवाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर तेथील लोक आपली कोणती जुनी वस्तु जिवापाड जपतात हें पाहावें, असें आमचें मत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डेट्रॉइट शहरीं या मताचा पडताळा आम्हांस आला. मोटारीच्या धंद्यामुळें त्या भागांत मराठी इंजिनियरांचीं कुटुंबें बरींच आहेत. आमचे चिरंजीव त्यांपैकींच एक असल्यामुळें एक उन्हाळा तिकडे काढण्याचा योग आला.

डेट्रॉइट नदीच्या बाजूपासून पाँटिअ‍ॅक गांवापर्यंत वुडवर्ड नांवाचा सुमारें 27 मैलांचा राजमार्ग आहे. मोटारीच्या इतिहासांत त्याची योग्यता तीर्थमार्गाची आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. 1909 सालीं याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटनें बांधून काढण्यांत आला आणि तो त्या देशांतील पहिला काँक्रीटचा मैल म्हणून प्रसिद्धि पावला. याच्याच कडेला हायलंड पार्क येथें हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत 1913 सालीं सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्याची रीत सुरू झाली. पुढें 1960 नंतरच्या दशकांत तरुण मंडळी रात्रींच्या वेळीं येथें गाड्यांच्या शर्यती लावीत. 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं जुन्या गाड्यांची येथें जत्राच भरूं लागली आहे. लोक सकाळपासून पदपथावर खुर्च्या मांडून, मुलानातवंडांसह बसतात.

त्या जत्रेंत पाँटिअ‍ॅक कंपनीच्या ‘जी. टी. ओ.’ नामक गाडीपाशीं आमचे पाय थबकले. या गाडीची जन्मकथा मोठी मौजेची आहे. जनरल मोटर्सचा असा दंडक होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत 330 घन इंचांहून मोठें इंजिन बसवूं नये. पाँटिअ‍ॅक विभागांतील जॉन डिलोरियन प्रभृति इंजिनियरांनीं 1964 च्या गाडीसाठीं युक्ति काढिली. दंडक मूळ गाडीस लागू; गिऱ्हाइकानें अधिक पैसे देऊन मागितलेल्या साहित्यास नव्हे! म्हणून ‘टेंपेस्ट’ या मध्यम गाडीवर 389 घन इंचांचें इंजिन वैकल्पिक म्हणून देण्यांत आलें. उत्सर्ग आणि अपवाद यांचा काथ्याकूट करणाऱ्या आमच्या वैयाकरणांनींही मान डोलवावी अशीच ही पळवाट! बेताच्या देहांत थोर प्राण घातलेल्या अशा गाड्यांस पुढें ‘मसल कार’, म्हणजे पिळदार दंडाच्या गाड्या, हें नांव रूढ झालें.

आमच्यापुढील गाडी 1969 सालची, ‘जज्ज’ या उपनामाची. त्या सालच्या अशा 6,833 गाड्यांपैकीं छत मागें दुमडतां येणाऱ्या अवघ्या 108. तिच्या रंगाचें इंग्रजी नांव तांबडें. प्रत्यक्षांत तो आमच्या मारुतीच्या शेंदराचा. इंजिन 400 घन इंचांचें, म्हणजे साडेसहा लिटरांचें, आणि 366 अश्वशक्तीचें. आपल्याकडील लहान घरगुती मोटारीचें इंजिन सव्वा लिटराच्या आसपास असतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या गुरगुराटाचा अर्थ कळतो. पुढील बंपर लवचीक द्रव्याचा व गाडीच्याच रंगाचा. इंजिनाचे फेरे मोजणारें घड्याळ तर चक्क कांचेबाहेर, बॉनेटवर बसविलेलें! सौभाग्यवतींनीं एकच प्रश्न केला, “आणि पाऊस आला म्हणजे?” चिरंजीवांनीं तो इंग्रजींत सांगतांच मालकानें हंसत कळ दाबिली. मागें घडी होऊन पडलेलें पांढरें छत सावकाश उठलें आणि डोक्यावर येऊन बसलें.

मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ; हयात मोटारीच्या कारखान्यांत गेलेली. तिकडे हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें मीठ गाड्यांचे तळ खातें. त्यांनीं ही गाडी घेतली तेव्हां तिच्या तळांतून जमीन दिसत असे. त्यांनीं धड सांगाड्यावरून उचलून वेगळें केलें, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून पिशवींत ठेविला, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. यांत नऊ वर्षें गेलीं. इंजिनावर ठोकलेला आंकडा गाडीच्या क्रमांकाशीं जुळतो, हें त्यांनीं आम्हांस वांकून दाखविलें. साध्या जी. टी. ओ.स ‘जज्ज’चा वेष चढविणारेही निघत असल्यामुळें 108 पैकीं एक म्हणविण्यास पुरावा लागतो.

नंतर त्यांनीं डिकी उघडली. आंतील मूळ रंग शाबूत होता. त्यावर कोणा तपासनिसाची खडूची खूण होती आणि एका कोपऱ्यांत रंगाचा ओघळ सुकलेला होता. “एवढा दोष पुसला असता तर गाडी निर्दोष झाली असती,” असें चिरंजीव म्हणाले. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “तो ओघळ माझ्यासारख्याच कोणा कामगाराच्या हातचा आहे. तो पुसला तर गाडी राहील, माणूस जाईल.” थोडें थांबून ते पुढें म्हणाले, “माझ्या मुलांना या गाडीची किंमत ठाऊक आहे. ओळख मात्र नाहीं.”

या शब्दांमागें एका शहराची कथा आहे. 1950 सालीं डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. 2020 च्या शिरगणतींत ती सहा लाख एकोणचाळीस हजारांवर आली. 2013 सालीं नगरपालिकेनेंच दिवाळें जाहीर केलें. पाँटिअ‍ॅक ही छापही 2010 सालीं बंद झाली. लेकरूं उरलें आणि माउली गेली!

या गाड्यांचे दोष झांकणें मात्र शिक्षकास शोभणार नाहीं. त्या इंधन भारी पीत आणि धूरही तसाच सोडीत. 1970 चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढते दर आणि 1973 चा तेलाचा तुटवडा यांनीं त्यांचें युग संपविलें. उघड्या छताची जी. टी. ओ. तर 1971 नंतर निघालीच नाहीं. झालें तें योग्यच झालें. जुनें सर्व पुन्हां चालू करावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण एका काळाची साक्ष म्हणून त्यांतील थोडें तरी खरेपणानें राखावें.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपलाच. पण आपल्याकडे त्या नांवाखालीं काळ्या पाषाणाच्या देवळास तैलरंग फांसतात, सभामंडपास गुळगुळीत फरशी लावितात, आणि पाथरवटाच्या टांकीची खूण त्याखालीं कायमची बुजते. जीर्णाचा उद्धार करावयाचा असतो. त्याची ओळख पुसावयाची नसते. आपल्या घरोघरीं आजीचा ठोके पडलेला पितळी डबा आहे, पणजोबांच्या हातचीं टिपणें असलेली पोथी आहे. तीं मुलांच्या हातीं देतांना किंमत सांगण्याआधीं, तो ठोका कोणाच्या हातचा आणि तें अक्षर कोणाचें, एवढी ओळख वडील माणसांनीं अवश्य करून द्यावी.