वॉर्डातले मामा, वॉर्डातल्या मावशी

सोलापूर

चि. अनघास,


सोलापूरच्या सिव्हिलमध्ये तुला एमडीला प्रवेश मिळाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. राहण्याची, मेसची चौकशी घरचे करतीलच. हे पत्र वेगळ्या माणसांबद्दल आहे: स्ट्रेचर ढकलणारे मामा, फरशी पुसणाऱ्या मावशी, केसपेपर पोचवणारे शिपाई, गेटवरचे सिक्युरिटीवाले.

त्यांची किंमत तुला पहिल्याच ओपीडीत कळेल. हे शहर मराठी बोलतं, तितक्याच सहज तेलुगू, कन्नड आणि दखनीही बोलतं. विणकामासाठी तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अक्कलकोटकडचे कितीतरी पेशंट घरी कन्नड बोलतात. विड्या वळून खांदा धरलेली आजी ‘नोप्पी’ म्हणते, अक्कलकोटकडचा शेतकरी ‘नोवु’ म्हणतो, आणि नेमकं कुठे, कधीपासून दुखतंय ते पुण्याहून आलेल्या डॉक्टरला वॉर्डातली मावशी सांगते. हे तिच्या कामाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. राऊंड संपल्यावर त्याबद्दल सगळ्यांसमोर दोन चांगले शब्द बोलायला हवेत.

आदराचा खरा कस मात्र सुईपाशी लागतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेली सुई पांढऱ्या, टोक आरपार जाणार नाही अशा डब्यात जायला हवी. पिवळी पिशवी रक्ताने भिजलेल्या कापसाची, लाल सलाईनच्या नळ्यांची, निळा डबा काचेचा. घाईत डॉक्टर सुई पिवळ्या पिशवीत टाकून पुढच्या खाटेकडे वळतो, आणि पिशवी बांधताना ती मावशीच्या बोटात घुसते. सुई कोणत्या पेशंटची, त्याला हिपॅटायटिस होता की एचआयव्ही, तिला काहीच ठाऊक नसतं. दिवसभर तिला ‘मावशी, मावशी’ म्हणणाऱ्या डॉक्टरनेच ती टाकलेली असू शकते! कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, वर्षाला आरोग्य तपासणी, हे सगळं त्याच नियमांत आहे.

कागदावरचं हे संरक्षण कंत्राटावरच्या माणसापर्यंत सहज पोचत नाही. माणसं बदलतात, ठेकेदार बदलतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. पण दाद मागायची कुणाकडे, हे झाडू हातात असलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. अशा वेळी डॉक्टरने अधीक्षकांच्या कानावर घातलेली एक गोष्ट त्याच्या दहा अर्जांपेक्षा लवकर पोचते. तुझ्या शब्दाला हे वजन आहे, ते वापर.

सोलापुरात शिपाई-मामांना मान देण्याचा विषय निघाला की सुशीलकुमार शिंदे यांचं नाव येतंच. १९५७ ते १९६५ या काळात ते इथल्या कोर्टात साध्या हुद्द्यावर होते, नोकरी करता करता शिकले, पुढे पोलिसात फौजदार झाले, २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री. मुंबईत शाळेत शिपाई असलेले कवी नारायण सुर्वे १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही उदाहरणं अभिमानाची आहेत, पण ती पुढे करून ‘शिपायाला मान द्या, उद्या तो मोठा होईल’ असं सांगणं चूक आहे. बहुतेक मामा मामा म्हणूनच निवृत्त होतात. मान त्यांना आजच्या कामासाठी हवा.

तेव्हा रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या प्रत्येकाचं नाव विचारून घे. रात्रपाळीला चहा मागवशील तेव्हा त्यांचाही सांग. आणि ज्यांची हिपॅटायटिसची लस राहिली असेल, त्यांची यादी करून सिस्टरांच्या मदतीने लसीकरण पूर्ण करून घे.

तुझी,
आत्या