तीन टन

‘डिस्पोजल’ हा शब्द इंग्रजी आहे हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळले. तोवर तो आम्हाला आपल्याच मोहल्ल्यातला शब्द वाटत होता. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे कांबळे, डिस्पोजलची ताडपत्री. लष्कराने नको म्हणून काढलेले आणि गरिबाने हवे म्हणून घेतलेले ते डिस्पोजल, एवढा अर्थ आमच्या अम्मीलाही ठाऊक होता. धुळ्यात महामार्गाच्या कडेला आमचे गॅरेज. त्या गॅरेजातली सर्वांत मोठी वस्तू, म्हणजे ज्या क्रेनवर आमचे घर तीस वर्षे चालले ती क्रेन, तीही डिस्पोजलचीच होती. ती अब्बांनी आपल्या हातांनी बांधली. आणि तिच्यावर आम्ही दोघा भावांनी एक खोटा आकडा लिहिला. त्या आकड्याची ही हकीकत आहे.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन आणि इंग्रज फौजांच्या हजारो गाड्या हिंदुस्थानात पडून होत्या. डॉज, जीएमसी, फोर्ड, शेवरोले. त्या लिलावात निघाल्या आणि जंगलातली लाकडे, खाणीतला दगड वाहू लागल्या. पुढे १९५९ पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांना जोर. लष्करात त्याचे आयुष्य संपले की तोही लिलावात येई. ठेकेदार लॉटच्या लॉट उचलत आणि त्यातून मिस्तरी लोक आपापल्या कामाचे वेचून घेत.

धुळ्याला अशा गाडीची गरज का, हे नकाशा पाहिला की कळते. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता आमच्या शहरात एकमेकांना कापतात. एका बाजूला लळिंगचा घाट, उत्तरेला पळासनेर आणि बिजासन, पश्चिमेला कोंडाईबारी, चाळीसगावकडून गेले तर कन्नडचा घाट. एवढ्या घाटांतून रात्रंदिवस ट्रक चालणार, तर काही ट्रक उलटणारही. आमच्या लहानपणी उलटलेला ट्रक दोन-दोन दिवस तसाच पडून राही. ड्रायव्हर बिचारा मालाची राखण करत रस्त्यावरच दगडाची चूल मांडून बसे.

१९९१ च्या उन्हाळ्यात अब्बांनी एका ठेकेदाराकडून शक्तिमानची एक चेसिस घेतली. इंजिन होते, केबिनला दरवाजे नव्हते, मागचे पाटे बसलेले होते. अम्मीच्या बांगड्या त्यात गेल्या. अम्मी एवढेच म्हणाली, “ये खडा तो होगा ना?” दीड वर्ष ती गाडी अंगणात उभी होती आणि आम्ही शाळेतून आलो की तिच्याखाली जात होतो. आमच्यापैकी एक तेव्हा चौदा वर्षांचा, दुसरा अकराचा.

पाटे दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या शक्तिमानचे बसवले आणि वर दोन जादा पाटे चढवले. बूमसाठी लोखंडी चॅनल भुसावळहून आणले. विंच मात्र महायुद्धाच्या काळातल्या एका जीएमसी ट्रकची, दहा हजार पौंड ओढणारी, म्हणजे साधारण साडेचार टन. ती अब्बांना एका भंगारवाल्याच्या ढिगात सापडली. तिचे दोन दात झिजले होते. जळगावला अजिंठा चौफुलीजवळ एक लेथवाले काका होते, त्यांच्याकडे अब्बा ती एसटीच्या टपावर टाकून घेऊन गेले. काका अब्बांना मिस्तरी म्हणत आणि अब्बा काकांना मिस्तरी म्हणत. एकमेकांची नावे त्यांना ठाऊक होती की नाही, याची आम्हाला आजही शंका आहे. गिअरबॉक्समधून जोर काढून तो विंचपर्यंत न्यायचा, त्यासाठी लागणारा शाफ्ट काकांनी तीनदा केला. तिसऱ्या वेळी त्यांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, “आधीचे दोन माझ्या चुकीने गेले.”

त्या शाफ्टमध्ये एक पिन होती. बोटाएवढी, मऊ लोखंडाची. आमच्या घरात तिला ‘कच्ची पिन’ म्हणत. विंचवर झेपेल त्यापेक्षा जास्त ओढ आली की सगळ्यांत आधी ती पिन तुटायची, शाफ्ट नुसता फिरायचा आणि विंचला जोर मिळायचा बंद व्हायचा. दोर वाचायचा, दात वाचायचे, माणूस वाचायचा. अब्बांनी आम्हाला पान्यांची नावे शिकवण्याआधी ही पिन दाखवली होती. एवढ्या मोठ्या गाडीत एक वस्तू मुद्दाम कमकुवत ठेवायची, हे आम्हाला तेव्हा फार विचित्र वाटले होते.

गाडी उभी राहिली, पण ती किती उचलेल हे सांगणार कोण? कारखान्यातून आलेल्या क्रेनवर पाटी असते. तो आकडा काढणारे इंजिनिअर असतात आणि तो चुकला तर जाब विचारायला कंपनी असते. आमची गाडी जबलपूरची, विंच अमेरिकेची, लोखंड भुसावळचे, शाफ्ट जळगावचा आणि वेल्डिंग अब्बांचे. जाब विचारायचा तर एकटे अब्बा होते.

त्यांनी ओळखीच्या एका जिनिंगमधून कापसाच्या गाठी मागून आणल्या. दाबून बांधलेली गाठ १७० किलोच्या आसपास भरते. जुन्या रेल्वे स्लीपरांचा तराफा केला, त्याच्यावर गाठी रचल्या आणि बूमने उचलायला सुरुवात केली. आमच्या गाडीत दोन धुऱ्यांमध्ये बारा फूट अंतर होते आणि हूक मागच्या धुऱ्याच्या मागे चार फुटांवर. म्हणजे मागे तीन टन उचलले की पुढच्या चाकांवरचे एक टन ओझे कमी होणार. हा हिशेब अब्बांनी कागदावर केला नाही, तो त्यांच्या हातात होता. ते स्टिअरिंगवर बसले आणि आम्हाला एकेक गाठ चढवायला सांगितले. बाविसाव्या गाठीला स्टिअरिंग एका बोटाने फिरू लागले. अब्बा खाली उतरले. म्हणाले, “चार उतारो.” अठरा गाठी राहिल्या. अठरा गाठींचे तीन टन आणि वर थोडे.

पेंटरला बोलावून बूमवर पांढऱ्या रंगात लिहून घेतले : ३ टन. अब्बांना उर्दू वाचता येई, मराठी अक्षरे येत नव्हती. त्यांनी पेंटरला दोनदा विचारले, “तीनच लिहिलेस ना?” १९९३ मध्ये गाडीचे पासिंग झाले आणि पहिल्याच महिन्यात लळिंगच्या घाटात काम मिळाले.

तीन टनांत काय होते, असे वाटेल. बरेच होते. रिकामा ट्रक एका टोकाने उचलून ओढून न्यायला तेवढे पुरतात. भरलेला ट्रक उचलायचाच नसतो. आधी माल उतरवायचा, मग गाडी सरळ करायची. अब्बा उलटलेल्या ट्रकजवळ गेले की पहिले काम हमाल बोलावण्याचे करीत. मालक चिडत, घाई करीत. अब्बा बिडी पेटवून बसून राहत.

२००३ मध्ये अब्बांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी आमच्या हातात आली. त्याच सुमारास रस्त्यावर दुसऱ्याही क्रेन उभ्या राहिल्या. कोणाच्या बूमवर ५ टन, कोणाच्या ८ टन. ट्रकमालक आकडा वाचून क्रेन बोलावत. आमचे महिन्याचे काम निम्म्यावर आले. २००५ च्या पावसाळ्यानंतर गाडीला नवा रंग देताना आम्ही पेंटरला सांगितले, पाच लिही. अब्बा तेव्हा घराबाहेर फारसे पडत नसत. आमच्यापैकी आधी कोण म्हणाला ते सांगण्यात आता अर्थ नाही. आम्ही म्हणालो.

आकडा वाढला तशी कामे वाढली आणि कच्ची पिन वारंवार तुटू लागली. घाटात, अंधारात, खाली आडवे होऊन पिन बदलायला अर्धा तास जाई आणि वरून मालकाच्या शिव्या. एके दिवशी आम्ही त्या भोकात चांगल्या पोलादाचा बोल्ट ठोकला. पिन तुटायची थांबली. त्या रात्री आम्ही खूश होतो.

फेब्रुवारी २००६. कोंडाईबारीत सुरतेकडे निघालेला केळीचा ट्रक कडेला कलंडला होता. केळी म्हणजे तासांचा हिशेब. मालक हात जोडत होता, उतरवायला वेळ नाही, तशीच ओढा. बूमवर पाच लिहिलेले होते, नाही कसे म्हणणार? आमच्याकडे क्लिनर म्हणून शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा पावरा मुलगा होता, वीस वर्षांचा. तो दोराजवळ उभा राहून इशारे देत होता. दोर ताणला गेला, इंजिन घुमले, ट्रक हातभर हलला आणि पुन्हा मागे बसला. त्या झटक्याला पिन तुटायला हवी होती. पिन नव्हतीच. तुटला तो दोर.

तुटलेला वायर रोप चाबकासारखा येतो. त्याचा आवाज आम्हाला आठवत नाही, त्या मुलाचा आठवतो. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. आम्ही त्याला त्याच केळीच्या पानांवर निजवून धुळ्याला आणले.

अब्बा दवाखान्यात आले, मुलाच्या वडिलांजवळ जमिनीवर बसले, आणि तासभर त्यांच्यात एक शब्द झाला नाही. मग त्यांनी आम्हाला विचारले, “पिन?” आम्ही खाली पाहिले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजानंतर अंगणात खरडण्याचा आवाज आला. अब्बा काठी बाजूला टेकून, स्टुलावर चढून, पत्र्याच्या तुकड्याने बूमवरचा पाच खरवडत होते. मग बोटाएवढ्या ब्रशने त्यांनी स्वतः तीन काढला. तिरका, वरचा गोल मोठा आणि खालचा लहान. देवनागरीत अब्बांनी लिहिलेली आमच्या माहितीतली ती एकमेव गोष्ट. टन लिहिता आले नाही, म्हणून ते तसेच राहिले.

उपचारांचा खर्च आम्ही केला. त्यासाठी गॅरेजमागची जागा विकली. पुढे त्या मुलाला पाड्यावर पिठाची गिरणी टाकून दिली. त्याने कधी दोष दिला नाही. पण दोष न दिल्याने तो फिटतो असे नाही. तो आजही लंगडतो.

अब्बा २०१४ मध्ये गेले. महामार्ग चौपदरी झाला, मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आला, टोलवाल्यांच्या क्रेन आल्या. गाडीच्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना पंधरा वर्षांनंतर मोडीत काढण्याचा नियम झाला. लढाईच्या खास गाड्या त्यातून वगळल्या आहेत, पण डिस्पोजलचा बाजार पूर्वीचा राहिला नाही. अशी गाडी आज कोणी अंगणात बांधू शकणार नाही. याचे आम्हाला वाईट वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटते. सगळ्यांच्याच घरी बाविसाव्या गाठीला थांबणारा माणूस नसतो. आमच्याही घरी तो होता तोवरच होता.

२०२३ मध्ये आम्ही आमची गाडी बंद करायचे ठरवले. तेव्हा विहिरी खोदणारा एक ठेकेदार आला. कागद नसले तरी चालतील म्हणाला, भंगाराच्या दुप्पट भाव द्यायला तयार होता. “डिस्पोजलचा माल आहे, अजून वीस वर्षं मरत नाही,” म्हणाला. त्याचे बरोबर होते. पण तिच्याखाली, विहिरीच्या तळाशी, माणसे उभी राहणार होती. आम्ही नाही म्हटले. नोंदणी रद्द केली आणि गाडी मोडीत दिली. बूम मात्र देण्याआधी आम्हीच गॅस कटरने कापला, म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढणार नाही.

कापण्याच्या दिवशी आम्ही पाड्यावर निरोप धाडला होता. तो आला, सोबत त्याचा शाळेत जाणारा मुलगा. मुलाने बूमवरचा तिरका तीन पाहून विचारले, “बाबा, तुमचा पाय मोडला तेव्हा हाच आकडा होता?” तो म्हणाला, “नाही. हा नंतरचा.”

तो आकड्याचा तुकडा गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवला आहे. आता आमच्याकडे कंपनीची हायड्रा क्रेन आहे, बँकेच्या कर्जाची. बूम जितका लांब तितके वजन कमी, याचा तक्ता तिच्या केबिनमध्ये लावलेला आहे. तो इंग्रजीत आहे, म्हणून आम्ही खाली मराठीत आणि उर्दूत लिहून घेतला. दर शुक्रवारी सकाळी दोरावरून कापसाचा बोळा फिरवतो. जिथे तार तुटलेली असते तिथे कापूस अडकतो. एक जुनी कच्ची पिनही आम्ही जपून ठेवली आहे. नवा पोरगा कामाला आला की पान्याआधी त्याच्या हातावर ती ठेवतो.