चेन्नई ते तिरुचिरापल्ली आणि पुढे ओरत्तनाड

कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे समुद्राला मिळण्यापूर्वी नदीला फाटे फुटून तिच्या गाळाने पंख्यासारखी पसरलेली भूमी. महाराष्ट्रातून तिकडे निघालेला प्रवासी अनेकदा चेन्नई किंवा बंगळूर येथे विमान बदलून तिरुचिरापल्लीला उतरतो, कारण खुद्द तंजावरला हवाई दलाचा तळ असला तरी प्रवासी वाहतुकीसाठी तिरुचिरापल्लीच्याच विमानतळाचा आधार असतो. चेन्नई व तिरुचिरापल्ली या दोन विमानतळांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून काढलेल्या लघुतम रेषेची लांबी, सुमारे 295 किलोमीटर भरते. एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असल्याने साध्या भागाकाराने उत्तर 35 मिनिटे येते. वेळापत्रकात मात्र तासभर किंवा त्याहून थोडा अधिक अवधी दिलेला असतो, कारण तो विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात आणि त्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, रांगेतली प्रतीक्षा, चढण व उतरण हे सारे धरलेले असते.

उत्तरेकडून येणाऱ्या या विमानाला उतरण्यापूर्वी कोल्लिडम आणि कावेरी असे दोन प्रवाह ओलांडावे लागतात. पहिला पुराचे पाणी वाहून नेणारा, रुंद आणि उन्हाळ्यात बहुतांशी वाळूचा; दुसरा अरुंद, पण शेतीला जगवणारा; आणि दोहोंच्या मध्ये श्रीरंगमचे बेट. थोडे पूर्वेला कल्लणै हा करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला प्राचीन बंधारा आहे, आणि तेथूनच वेण्णारसारखे फाटे निघून गावोगावच्या पाटांपर्यंत पाणी पोहोचते.

विमानतळापासून तंजावरपर्यंतच्या साठेक किलोमीटरांना मोटारीने तास-सव्वा तास लागतो, म्हणजे जवळजवळ विमानाइतकाच. हिरव्या भातशेतीची अपेक्षा घेऊन आलेल्याला या रस्त्यावर वल्लमपर्यंत तांबडी, कोरडी, उंचवट्याची जमीनच भेटते; खरा त्रिभुज प्रदेश तंजावरच्या पलीकडे, तिरुवैयारूच्या बाजूला उलगडतो. सुगीच्या दिवसांत तेथील शेतकरी डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात वाळत घालतात, आणि वाहने वेग कमी करून उरलेल्या अर्ध्या भागातून जातात.

मराठी वाचकाला या भागाशी अधिक जवळून बांधणारी वाट तंजावरहून दक्षिणेकडे, रामेश्वरच्या यात्रामार्गाने, ओरत्तनाडला जाते. हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे, म्हणजे आज मोटारीने पाऊण तासाचे आणि पूर्वी पायी एका दिवसाचे. 1855 मध्ये संपुष्टात आलेल्या तंजावरच्या भोसले राजवटीतील दुसरे सरफोजी यांनी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हणजे वाटसरूंना विनामूल्य अन्न व निवारा देणारी धर्मशाळा. याच राजाच्या आज्ञेने 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. शिलालेख पाहायला पुष्कळजण थांबतात, छत्राकडे थोडेच वळतात, आणि हे खेदाचे आहे, कारण प्रवासाचा वेळ माणसाच्या पायांनी मोजणाऱ्या काळात एका राजाने प्रवाशांची किती काळजी वाहिली हे छत्रातच दिसते: 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी छत्रांचे उत्पन्न राखावे अशी कळकळीची विनंती केली होती, आणि तेथे जातपात न पाहता अन्न मिळते, आजारी वाटसरूंवर वैद्य उपचार करतात, मुलांना शिकवले जाते, असे त्यात सविस्तर नमूद केले होते.