अब्बांच्या गाडीतला पेनड्राइव्ह

दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बांना चिपळूणहून मिरजेला न्यावं लागतं. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षं झाली. चालणं काठीवर आलंय, बोलणं तुटक झालंय. कान मात्र शाबूत आहेत, अल्हम्दुलिल्लाह. कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगर, पाटण, कराड करत मिरज गाठायची, डॉक्टरांना दाखवायचं आणि रात्रीपर्यंत परत. इतका वेळ अब्बा गाडीत शांत बसतात ते एकाच अटीवर: काहीतरी वाजत असलं पाहिजे.

आम्ही तीन भावंडं. आपा लग्न होऊन खेडला, भाईजान कुवेतला, धाकटा चिपळूणला अब्बांजवळ. गाडी चालवतो धाकटा, पण गाडीत काय वाजवायचं यावर आम्ही तिघंही फोनवरून भांडतो.

सुरुवातीला मोबाइल ब्लूटूथने जोडायचो. सोपं वाटलं होतं. पण कुंभार्ली घाटात वळणं सुरू झाली की रेंज जाते, आणि नात मधेच थांबते. अब्बांचा डावा हात वर व्हायचा, म्हणजे 'लाव'. लावणार कुठून? रेंज असेल तेव्हा कुणाचा तरी फोन यायचा, नाहीतर किराअत संपते न संपते तोच साबणाची जाहिरात. अब्बांना तर त्या जाहिरातींचा भयंकर राग. म्हणून ठरलं, आपल्या फाइली आपल्याजवळ. गाडी जुनी, २०१४ सालची, पण स्टिरिओला यूएसबीचं भोक आहे.

वाजवायचं काय, हा प्रश्नच नव्हता. अब्बांच्या कॅसेटी.

या कॅसेटींचा थोडा इतिहास सांगायला हवा. अब्बा ऐंशीच्या दशकात कुवेतला होते. आपल्या कोकणातल्या ज्या घरांतले पुरुष आखातात होते, त्या घरांना वेगळं सांगायला नको: तेव्हा फोन महाग, पत्राला पंधरा-वीस दिवस, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पंचाईत. मग कुणी सुट्टीवरून परत जाणारा असला की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. टू-इन-वनसमोर बसून बोलायचं. सासूने, बायकोने, पोरांनी पाळीपाळीने. अम्मीने अशा किती कॅसेटी भरल्या असतील कोण जाणे, पण बहुतेक अब्बांनीच उलट निरोप भरून परत पाठवल्या, म्हणजे वरचं पुसलं गेलं. एकच त्यांनी ठेवून घेतली. १९८६च्या पावसाळ्यातली. ऑगस्ट १९९०मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा अब्बा इतर हजारो लोकांसारखे अम्मानपर्यंत गेले आणि तिथून विमानाने मुंबईला आले. फ्रिज, टीव्ही, आठ वर्षांचं सामान तिथेच राहिलं. हातातल्या बॅगेत दोन जोड कपडे आणि कॅसेटी. अझीझ नाझां, युसूफ आझाद, रफीसाहेब, काही नाती, आणि ही एक, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

लढाईतून वाचलेल्या या कॅसेटी २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पाण्यात सापडल्या. खाटेखालच्या लोखंडी पेटीत होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत चिखल. सत्तरेक कॅसेटींपैकी बावीस वाचल्या. अम्मीला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. अब्बांनी बाकी कशाचीच चौकशी केली नाही, फक्त 'ती?' म्हणून विचारलं.

ती होती. स्क्रूवाली कॅसेट होती म्हणून उघडता तरी आली. चिकटवलेल्या कॅसेटी फोडाव्या लागतात. फीत स्वच्छ पाण्याने हळूहळू धुतली, सावलीत वाळवली (उन्हात ठेवलेल्या दोन कॅसेटी वाकड्या होऊन गेल्या, हा शहाणपणा तिथूनच आला), आणि दुसऱ्या कॅसेटीच्या कोऱ्या खोक्यात बसवली. एका ठिकाणी चिखलाने फितीवरचा थरच खरवडला गेला होता. तो तुकडा कापून टाकावा लागला. साधारण दोन मीटर. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. म्हणजे चाळीसेक सेकंद गेले.

मग टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग. इथपर्यंत ठीक झालं. पुढे आम्ही चुकलो.

धाकट्याला वाटलं, जुनी कॅसेट आहे, खरखर फार आहे, साफ करू. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असतेच. खरखर काढली, वर फाइल लहान व्हावी म्हणून ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली. मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी. अम्मीचा आवाज लख्ख ऐकू येत होता. आम्ही खूश. भाईजानला व्हॉट्सअॅपवर पाठवली तर तो कुवेतमध्ये बसून रडला. अब्बांना गाडीत ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "पाऊस?"

आम्हाला कळेना. बाहेर ऊन होतं.

"पाऊस कुठं गेला?"

रात्री मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तेव्हा उलगडलं. अम्मी बोलतेय आणि मागे कौलांवर पाऊस पडतोय, अख्खी एक तासाची कॅसेटभर. आम्ही ज्याला खरखर समजलो त्यातला बराचसा तो पाऊस होता. कुवेतच्या वाळवंटात आठ माणसांच्या खोलीत बसून अब्बा तो ऐकत होते, आणि आम्ही तो पुसून टाकला होता.

एमपीथ्रीचं काम कसं चालतं ते भाईजानने त्या रात्री आम्हाला समजावलं. तो तिकडे एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. माणसाच्या कानाला सहसा जाणवत नाही असा भाग टाकून द्यायचा, हा तिचा हिशेब. केबीपीएस जितके कमी तितकं जास्त टाकून द्यायचं. एकट्या माणसाचा आवाज कमी आकड्यातही निभतो. पण पाऊस, टाळ्या, समुद्र अशा सतत बदलणाऱ्या आवाजांत टाकून द्यावं असं फारसं काही नसतं. ते कमी आकड्यात कोंबले की पाण्याखालून आल्यासारखे घुमतात. आणि एकदा टाकलेलं परत येत नाही. एमपीथ्रीची कितीही मोठी फाइल बनवली तरी नाही.

नशीब, मूळ डब्ल्यूएव्ही फाइल आपाने हट्टाने मागून घेतली होती. "मला मोठीच पाहिजे," एवढंच तिचं म्हणणं. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, म्हणजे ही कॅसेट ६०० एमबीची. तिची एफएलएसी केली की आकार साधारण निम्मा होतो आणि आवाजातलं काही म्हणजे काही जात नाही. कपडे घडी करून पेटीत ठेवावेत तसं. जपून ठेवायला हीच करावी, असं आमचं ठाम मत झालंय. पण गाडीचा स्टिरिओ एफएलएसी ओळखतच नाही. नव्या गाड्यांतले अनेक ओळखतात, आमचा नाही. यादीत नाव दिसत नाही की आवाज येत नाही. त्यामुळे घरात एफएलएसी, गाडीत ३२० केबीपीएसची एमपीथ्री. मिनिटाला २.४ एमबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी २०० तासांहून जास्त सामग्री बसते, तेव्हा जागेची कंजुषी करून अम्मीचा पाऊस घालवायचं कारणच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घरघरत असताना ३२० आणि एफएलएसीतला फरक आम्हा कुणालाच कळला नसता.

पेनड्राइव्हचीही एक गोष्ट झाली. धाकट्याने रस्त्यावरच्या गाडीवरून '१ टीबी'चा पेनड्राइव्ह अगदी स्वस्तात आणला. कॅसेटी, किराअत, सगळं भरलं. नावं सगळी दिसतात, पण वाजायला लागल्यावर निम्म्या फाइली मुक्या. त्यात जागा थोडीच होती, आणि संगणकाला ती मोठी असल्याचं खोटं सांगितलं जात होतं. नवीन पेनड्राइव्ह आणला की आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यूसारख्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासायचा, हे भाईजानने तेव्हा सांगितलं. आधी का नाही सांगितलं, यावरून वाद झाला तो वेगळा.

नंतर पक्क्या बिलाचा ६४ जीबीचा घेतला, तर स्टिरिओ त्याला हातच लावेना. जुन्या स्टिरिओंना बहुधा एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच लागतो आणि मोठे पेनड्राइव्ह दुसऱ्याच पद्धतीचे येतात. म्हणून ३२ जीबी. तेवढा पुरतो.

आणि क्रम. पहिल्या दिवशी अम्मीची कॅसेट उलटी वाजली. बी बाजू आधी. त्यामुळे अम्मीने सुरुवातीलाच 'खुदा हाफिज, तब्येतीला जपा' म्हटलं, आणि अर्ध्या तासाने सलाम करून पोरांची खुशाली सांगायला लागली. आपा मागच्या सीटवर हसतही होती आणि डोळेही पुसत होती. काही स्टिरिओ नावाच्या क्रमाने वाजवतात, काही ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने. आमचा दुसऱ्या प्रकारचा. आता नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घालतो आणि एकेक फाइल क्रमानेच कॉपी करतो. नावं मराठीत दिली तर पडद्यावर नुसते चौकोन येतात, म्हणून रोमन लिपीत. अम्मीच्या फाइलीला आकड्यापलीकडे नाव दिलेलं नाही. कॅसेटवरही नव्हतं.

आपाचा एका गोष्टीला विरोध होता आणि तिचं बरोबर होतं. अम्मी अब्बांशी बोलतेय, नवरा-बायकोचं बोलणं. कधी शेजारी गाडीत असतात, कधी मिरजेहून कुणाला तरी सोबत आणतो. अनोळखी माणसासमोर तो आवाज अचानक लागता कामा नये. म्हणून दोन पेनड्राइव्ह आहेत. काळ्यात कव्वाल्या, नाती, रफीसाहेब. पांढऱ्यात ती एकच कॅसेट, आणि तो गाडीत राहत नाही; अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. त्याचा दुसरा फायदा असा की मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, आणि उष्णतेत पेनड्राइव्हचं आयुष्य कमी होतं. मूळ एफएलएसी धाकट्याच्या लॅपटॉपवर, आपाच्या हार्ड डिस्कवर आणि कुवेतला भाईजानकडे. पूर पुन्हा आला तरी तिन्हीकडे एकदम येणार नाही, इन्शाअल्लाह.

गेल्या महिन्यात गाडीत फक्त आम्हीच होतो; भाईजान सुट्टीवर आला होता. घाट सुरू झाल्यावर अब्बांनी खिशातून पांढरा पेनड्राइव्ह काढून पुढे केला. ए बाजूच्या अकराव्या मिनिटाला ती जागा येते. अम्मी सांगत असते की म्हैस व्याली, रेडकू... आणि एकदम पुढचं वाक्य सुरू होतं, छप्पर शाकारायच्या मजुरीचं. मधले चाळीस सेकंद नाहीत. भाईजानने ती जागा ऐकली नव्हती. "इथं काय होतं?" त्याने विचारलं.

धाकट्याने आवाज कमी केला. अब्बा बोलायला लागले. एकेक शब्द जुळवत, मधे थांबत. रेडकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून आपाने त्याचं नाव चांद ठेवलं. आपा म्हणाली, तिला काहीच आठवत नाही. मागच्या खेपेला अब्बांनी त्याच जागी विहिरीचं काहीतरी सांगितलं होतं, पण ते कुणी बोललं नाही. कोयनानगर येईपर्यंत अब्बा बोलत होते. मग त्यांनी डावा हात वर केला आणि धाकट्याने आवाज पुन्हा वाढवला.